दोन वीत उघडी भिंत

राग दोन जातींचा असतो. एक, आपल्या मानाला ठेच लागली म्हणून उफाळणारा. समोरच्याने हात जोडले की तो निवतो. दुसरा, एखाद्या वस्तूला तिच्या स्वभावाविरुद्ध वागवले जाताना पाहून आतल्या आत तापत राहणारा. पहिल्याला क्रोध म्हणावे आणि दुसऱ्यासाठी मन्यू हा जुना, भारदस्त शब्द राखून ठेवावा. मन्यूला शत्रू नसतो, म्हणूनच तो शमत नाही. ज्यांच्यावर रागवायचे ती माणसे आपलीच असतात, प्रेमळ असतात, बहुधा आपल्याच भल्यासाठी झटत असतात. त्यांच्यावर हात उगारता येत नाही आणि गप्पही बसवत नाही. असा माणूस गावात तिरसट ठरतो. त्या तिरसटपणाच्या मुळाशी एक प्रकारची भक्ती आहे, हे ओळखायला गावाला सवड नसते.

कोरायाप गावचा खुदायबेर्गन उस्ता असा मन्यूचा माणूस होता. उस्ता ही त्याची पदवी. कारागिरीत केस पिकलेल्या माणसाला खोरेझम प्रांतात ती आपोआप चिकटते. सेहेचाळीस वर्षे त्याने मातीच्या भिंती उभारल्या. भाजक्या विटांचे जोते, जोत्यावर बोरूच्या देठांचा चार बोटे जाड, दाट थर, त्यावर ओल्या मातीचे कमरेएवढे टप्पे, एक वाळल्यावाचून दुसरा चढवायचा नाही, आणि सर्वांवर गव्हाचा भुसा कालवलेला मातीचा गिलावा. या क्रमात त्याने आयुष्यात बदल केला नाही, कारण बदल करावा असे त्या जमिनीने त्याला कधी सांगितले नाही. जमीन खारी. हिवाळा सरता सरता, पेरणीपूर्वी, कालव्याचे पाणी शेतांत कोंडून तिच्यातले मीठ खाली जिरवावे लागते. त्या दिवसांत अंगणात फावडे मारले तरी पाणी लागते. ते पाणी मीठ पाठीवर घेऊन घराघरांच्या भिंतींत चढू पाहते.

“चढू दे की,” उस्ता म्हणे. “जोत्यातून वर येतं, बोरूपाशी अडतं. पोकळ देठ, त्याला वर वाट नाही. मग ते बाहेर डोकावतं, उन्हाला सलाम ठोकतं आणि वाळून जातं. मीठ तिथंच झडतं. झाडूनं झाडायचं, संपलं. पण तुम्ही वरपासून खालपर्यंत सिमेंट थापलंत, म्हणजे पाण्याला जिना बांधून दिलात!”

आणि गावात घरोघर जिने बांधले जात होते. रशियात कामाला गेलेली मुले तिथली गुळगुळीत घरे पाहून येत आणि आपली घरे तशी करून घेत. या सोहळ्याला ‘युरो करणे’ असे नाव पडले होते. “तुमचं झालं का युरो?” ही विचारपूस कुणाच्या प्रकृतीची चौकशी करावी इतक्या सहजतेने होई. करड्या गिलाव्यावर पिस्त्याच्या रंगाचा हात फिरला की घर नव्या नवरीसारखे दिसे, आणि दोन वसंत उलटले की आतल्या बाजूने भिंतीला लोणा लागे. त्यावर उपाय म्हणून त्या जागी गालिचा टांगत.

उस्ता कुणाकडे गेला की आधी चहा पिई, यजमानाच्या मुलाबाळांना आशीर्वाद देई, आणि मग उठून सरळ गालिच्याचा कोपरा उचली. भिंतीवरची पांढरी भुकटी बोटावर घेऊन तो यजमानासमोर धरी.

“हे घे. रश्श्यात घाल. विकतचं मीठ कशाला आणतोस?”

लोक हसत. त्याची काठी गल्लीच्या तोंडाशी वाजली की बायका एकमेकींना ओरडून सांगत, “अगं, उस्ता आला, गालिचा नीट कर!” या हसण्याचाच त्याला विशेष त्रास होई. कुणी भांडले असते तर त्याने पुरावे दिले असते. हसणाऱ्याला पुरावा कुठे ठेवून द्यावा?

पुरावा मात्र त्याच्याजवळ एक होता: त्याचे स्वतःचे घर. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याने आणि ओनाबीबीने स्वतःच्या पायांनी माती तुडवून ते उभे केले होते. त्रेचाळीस वर्षांत त्या भिंतीला लोणा शिवला नव्हता. गल्लीतले ते शेवटचे निखळ मातीचे घर होते, आणि साऱ्या वादातला उस्ताचा एकमेव साक्षीदार.

ज्या शरदात त्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, त्या शरदात तो तीन आठवडे उर्गेंच शहरात, लेकीकडे, इक्बोलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहिला. डॉक्टरांनी धुळीला जन्मभराची बंदी केली होती. माती कालवणे नाही, भुसा चाळणे नाही. हे कळल्यावर तो दोन दिवस घरभर फेऱ्या घालत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने इक्बोलच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केले, तोंड वाकडे केले, आणि मग मोकळा झाला.

कोरायापला ही बातमी पोहोचली तेव्हा सर्वाधिक कळवळला तो शेजारचा रोझमत. उस्ताहून बारा वर्षांनी लहान, ट्रॅक्टरवाला, आवाजाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा. त्याच्या लग्नाच्या वेळी बांधलेल्या घराच्या भिंती उस्तानेच घातल्या होत्या. पुढे त्या युरो झाल्या, तो भाग निराळा. मशिदीच्या ओट्यावर तो म्हणाला, “ज्या माणसानं अर्ध्या गावाला भिंती दिल्या, त्याच्या भिंतीला आता गिलावा कोण करणार? आपणच ना? हशर करू!”

हशर म्हणजे गावाने एकत्र येऊन एकाचे काम उरकणे. मजुरी नाही, ज्याचे काम त्याने कढईभर पुलाव घालायचा, एवढेच. हशरला नाही म्हणणे कोरायापमध्ये कुणाला ठाऊक नव्हते, आणि हशरने केलेले मोडणे हे तर एका ताटात जेवताना घास थुंकण्यासारखे. असे कुणी लिहून ठेवले नव्हते. लिहून ठेवण्याची गरज पडली नव्हती.

चाळीस माणसे जमली. दोन दिवसांत त्यांनी घराच्या चारी बाजू जमिनीपासून वळचणीपर्यंत सिमेंटने मढवल्या.

उस्ताला रोझमतच्याच गाडीतून आणले. तो उतरला, डोळ्यांवरचा हिरवा पडदा त्याने वर केला, आणि नव्या डोळ्यांनी जगातली पहिली स्पष्ट वस्तू पाहिली ती हीच, करडी, गुळगुळीत, कोपरे काटकोनात बसवलेली भिंत. आजूबाजूला माणसे उभी होती. सगळ्यांचे चेहरे, एखाद्याला भेट देऊन तो ती उघडेपर्यंत वाट पाहणाऱ्यांचे असतात, तसे उजळलेले.

“कसं काय उस्ता? ओळखू येतंय का घर?” रोझमतने विचारले.

“नाही,” उस्ता म्हणाला.

सगळे खदखदून हसले. “बघा! नवे डोळे, नवं घर!”

तो भिंतीजवळ गेला. पायाशी वाकून त्याने बोरूची रेघ शोधली. ती कुठेच नव्हती. त्याने चाळीस जणांकडे वळून छातीवर हात ठेवला आणि मान लववली. रीत होती. ती पाळून तो मान वर न करता तसाच घरात गेला, आणि लोकांना वाटले, म्हाताऱ्याला भरून आले.

दार लागल्यावर तो बायकोवर उसळला. “तू होतीस ना इथं? तुला तोंड नव्हतं?”

ओनाबीबीने चहाचे वाडगे खाली ठेवले. “होतं. पण चाळीस माणसं पाटी-फावडं घेऊन दारात उभी राहिली, त्यांना काय सांगू? परत जा म्हणून?”

“माती लावा म्हणायचं!”

“माती कोण कालवणार होतं? आणि ऐका, इक्बोलचे बाबा, आज सांगूनच टाकते. त्रेचाळीस वर्षं दर दुसऱ्या शरदात त्या गिलाव्याचं पाणी मी वाहिलंय. भुसा मी चाळलाय. तुम्ही गावभर भाषणं दिलीत, उस्ता म्हणवून घेतलंत. माझ्या खांद्याला कुणी उस्ता म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, सिमेंट चालेल का? मी म्हटलं, चालेल. दोन वर्षं तरी पाठ टेकेन.”

 भिंतीच्या बाजूने बोलायला उस्तापाशी शंभर वाक्ये होती. त्या खांद्याच्या बाजूने एकही नाही, हे त्याला त्या दिवशी प्रथमच जाणवले, आणि त्याने त्याची चिडचिड कमी न होता वाढली. आता रागावण्याच्या यादीत तो स्वतःही आला होता.

चार दिवसांनी तो रोझमतकडे गेला. चहा झाला. गालिच्याचा कोपरा त्याने या वेळी उचलला नाही, यावरूनच रोझमतने ओळखले की काही गंभीर आहे.

“रोझमत, तुझ्या मनाला मी जाणतो. पण ते सिमेंट मला काढावं लागेल.”

रोझमतचा चेहरा उतरला. “का? कुठं तडा गेलाय?”

“तडा नाही. तेच वाईट. तडा असता तर पाणी बाहेर तरी पडलं असतं.”

“उस्ता, लग्नातला अंगरखा चढवून भिंतीला उभं केलंय आम्ही.”

“अंगरखा नाही, प्लास्टिकचा कोट आहे तो. घालून एक दिवस कापूस वेच, मग माझ्याशी बोल. भिंतीलाही घाम येतो.”

“चाळीस माणसं राबली,” रोझमत सावकाश म्हणाला. एरवी ओरडून बोलणारा माणूस हळू बोलू लागला की ते अधिक लागते. “तुम्ही छिन्नी लावलीत, तर ती चाळीस घरांच्या तोंडावर लावलीत. माझं सोडा. तो लंगडा साबुरजान दोन दिवस बादल्या देत होता. त्याला काय सांगाल?”

उस्ता उठला. दारात तो थांबला आणि म्हणाला, “वसंतात माझ्या घरी ये. मी काही सांगणार नाही. तूच बघ.”

हिवाळा गेला. शेतांत पाणी सोडले गेले. नवव्या दिवशी आतल्या भिंतीवर, पायापासून हातभर उंचीवर, एक ओलसर सावली उमटली. उस्ताने कोळशाने तिच्या वरच्या कडेवर रेघ ओढली आणि तारीख घातली. आठवड्याने सावली रेघेच्या वर चार बोटे होती. त्याने दुसरी रेघ ओढली. तिसरी रेघ कोनाड्याला भिडली, ज्यात ओनाबीबीच्या रजयांची चळत होती. तळाची रजई तिने ओढली तर ती गार आणि जड लागली. इक्बोलच्या लग्नासाठी शिवलेल्या जोडीतली, लेकीने माहेरी ठेवलेली.  ओनाबीबीने ती अंगणात उन्हात टाकली आणि दिवसभर तिच्याकडे पाठ करून कामे केली.

रोझमतला बोलावणे गेले. तो आला, दोन-तीन जाणत्यांना घेऊन आला. कोळशाच्या रेघा त्यांनी पाहिल्या, हात लावून पाहिला, बोटावरचे मीठ जिभेला लावले. उस्ता भिंतीला टेकून उभा होता. त्रेचाळीस कोरडे वसंत आणि हा एक. इतका स्वच्छ पुरावा कुठल्या न्यायालयात मिळाला असता? दिल्या शब्दाप्रमाणे बघण्याचे काम त्याने त्यांच्यावरच सोडले. 

रोझमतने दाढी खाजवली. मग मोठ्या सहानुभूतीने विचारले, “उस्ता, रागावू नका, पण ही माती तेव्हा तुम्ही कुठली घेतली होती?”

“काय?”

“नाही, म्हणजे जुनी झाली ना आता. माती म्हातारी झालीय. आतून सोडतेय पाणी. बाहेरून आम्ही तर घट्ट बंद केलंय.”

“आतून!” उस्ताचा आवाज चिरकला. “अरे, मातीला विहीर फुटलीय का?”

“तुम्ही तोंडघशी पडलात असं कुणी म्हणत नाही,” जाणत्यांतला एक म्हणाला. “तेव्हा जे साहित्य होतं ते होतं. आम्ही आहोत ना. पुन्हा हशर करू. कमरेपर्यंत आणखी एक जाड थर देऊ, आतूनसुद्धा. मग बघू कुठून येतं पाणी.”

मनुष्याला निंदा सोसते, उपेक्षा सोसते. पण आपल्याच साक्षीदाराने आपल्याविरुद्ध साक्ष दिली असे जेव्हा ठरवले जाते, आणि तेही इतक्या मायेने, तेव्हा त्याला धरून राहायला काही उरत नाही. उस्ता त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी भाकरीचा तुकडा हातात घेऊन तो नुसता मोडत बसला. जुम्म्याच्या नमाजानंतर हशर ठरला होता. बाहेरून बंद केलेल्या भिंतीला आता आतूनही बंद केले, की वसंतातले पाणी वर, आणखी वर, छताच्या तुळयांपर्यंत चढणार, आणि माती आतल्या आत सांज्यासारखी मऊ होणार. दोन वर्षे. फार तर तीन.

“त्यांना नाही म्हणा,” ओनाबीबी अखेर म्हणाली.

“हशरला?”

“मग हो म्हणा. पण हशरला काम कोण सांगतं, इक्बोलचे बाबा? येणारा की बोलावणारा?”

उस्ताने हातातला तुकडा खाली ठेवला.

“मागच्या खेपेला तुम्ही नव्हता, म्हणून त्यांनी त्यांच्या मनाचं केलं,” ती म्हणाली. “या खेपेला घरचा माणूस घरात आहे. माझी रजई भिजलीय. मला आता कुणाचं मन राखायचं नाही.”

जुम्म्याला चाळीसच्या चाळीस आले. सिमेंटची पोती ट्रॅक्टरमधून उतरली. परंतु कढई आधीच उकळत होती. एरवी काम झाल्यावर वाढायचा पुलाव ओनाबीबीने कामाआधीच वाढला. “पाहुण्यांनो, आधी बसा,” असे म्हटल्यावर बसावेच लागते. गाजर, चणे, वर मेंढीचे मांस; माणसे तृप्त झाली, हात वर करून त्यांनी दुवा दिली. मग उस्ता उठला आणि त्याने जेवायला अंथरलेल्या चादरीवरून छिन्न्या आणि हातोडे वाटायला सुरुवात केली.

रोझमतच्या हातात छिन्नी आली तेव्हा तो ती उलटसुलट करून पाहू लागला. “हे कशाला? खरवडायला?”

“काढायला. माझा हशर आहे, माझं काम मी सांगतो. तुम्ही लावलंत, तुम्हीच काढा. म्हणजे कुणी कुणाच्या तोंडावर छिन्नी लावली असं होणार नाही.”

 मग कुणीतरी फिस्सकन हसले. “मटण खाऊन बसलोय. आता पळता पण येत नाही!”

“उस्ता, हे कपट झालं,” रोझमत लाल झाला होता.

“झालं.”

“सगळं नाही काढणार. मरेन, पण नाही. गाव हसेल.”

“मग किती काढतोस?”

खरबुजाच्या बाजारात चालावी तशी घासाघीस सुरू झाली. उस्ता म्हणाला, जमिनीपासून छातीपर्यंत. रोझमत म्हणाला, एक बोटसुद्धा नाही. उस्ता गुडघ्यावर उतरला. रोझमत वीतभर चढला. लंगड्या साबुरजानने ओरडून सांगितले, “दोन वीत करा आणि उरका, माझा पाय दुखतोय!” बोरूचा थर त्या दोन वितींच्या मधोमध येत होता, हे उस्ताला ठाऊक होते. त्याने चेहऱ्यावर पराभव आणला आणि कबूल केले. आणि तो पराभव खोटाच होता असेही नाही. वरची सारी भिंत त्या कोटात तशीच राहणार होती.

दुपारभर घराभोवती टकटक चालली. उस्ताला धुळीची बंदी, म्हणून तो डोळ्यांवर हिरवा पडदा ओढून अंगणाच्या टोकाला बसला आणि कानांनी काम पाहत राहिला. उत्तरेच्या बाजूला सिमेंटचा पापुद्रा निघताना आपल्याबरोबर वीतभर माती घेऊन आला, ओली, पांढऱ्या मिठाने फुललेली. तिथे काम करणारे दोघे थबकले. एकाने दुसऱ्याकडे पाहिले. मग मागून बोरूचे देठ दिसले, पिवळे, त्रेचाळीस वर्षांचे, अखंड.

“बघ रोझमत,” उस्ता दुरूनच ओरडला. “ये आणि बघ!”

रोझमत वाकून बराच वेळ पाहत राहिला. उठला तेव्हा म्हणाला, “बोरू चांगलाय. माती मात्र जुनीच.”

उस्ताने काठी जमिनीवर आपटली आणि काठीचे टोक मोडले.

गावाने अर्थातच थट्टा केली. घर खालून उघडे, वरून गुळगुळीत. कालवा ओलांडण्यासाठी एखाद्याने विजार वर दुमडावी तसे. “उस्ताचं घर पाण्यात उतरलंय,” पोरीबाळी म्हणत. उस्ता मात्र पुढच्या वसंतात रोज सकाळी झाडू घेऊन घराभोवती फिरे आणि त्या पट्टीवर झडलेले मीठ झाडी. कोळशाची चौथी रेघ ओढावी लागली नाही. गालिचे उचलण्याची खोड गेली नाही, उलट वाढली. दोन घरांनी त्याला चहाला बोलावणे बंद केले. तिसऱ्या घराच्या सुनेने एक दिवस चुपचाप विचारले, “दोन वीत म्हणजे जमिनीपासून, की जोत्यापासून?” त्या प्रश्नानेही तो चिडलाच: “इतकी वर्षं काय सांगत होतो मी?” पण मोजून दिले.

उत्तरेची भिंत आधीच फार प्याली होती. तिसऱ्या वर्षी ती कोपऱ्यातून खचली. ती मातीने पुन्हा उभी करायची तर हात लावायला उस्ताला मनाई. तो पडदा ओढून खुर्चीवर बसला आणि त्याने रोझमतला शिव्या देत, टप्प्याटप्प्याने, एक वाळल्यावाचून दुसरा चढू न देता, त्याच्याकडून ती घालून घेतली. “भुसा कमी पडलाय! वास येत नाही!” “उस्ता, नाक तरी मिटा आता!” असे ते काम दीड महिना चालले. भिंत पुरी झाल्यावर गिलावा सुकण्याच्या दिवसांत उस्ता आजारी पडला, आणि पहिल्या बर्फाआधी गेला. शेवटच्या आठवड्यात तो कुणावर समाधानी नव्हता. छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून त्याने दोनदा काही सांगायचा प्रयत्न केला. ते काय होते, हे ओनाबीबीला कळले नाही.

कोरायापमध्ये आज अकरा घरांच्या भिंती जमिनीलगत दोन वीत उघड्या आहेत. ओनाबीबीच्या घराची उत्तरेची भिंत मातीची आहे. दर दुसऱ्या शरदात रोझमत तिला गिलावा करतो, आणि त्याचे पाणीही तोच वाहतो. रोझमतचे स्वतःचे घर वळचणीपासून जमिनीपर्यंत सिमेंटचे आहे.